हिंदुस्थानचा गडी

निजामी अमलात ज्या वर्षी बुळकांड्याच्या साथीने मादन हिप्परग्याच्या शिवारातील गोठे रिकामे केले, त्याच वर्षी बंडेप्पाचे दोन्ही बैल एका आठवड्याच्या अंतराने गतप्राण झाले. पहिला बैल तोंडातून लाळेची तार गाळीत दोन दिवस उभा राहिला आणि मग गुडघे मोडून खाली बसला. दुसऱ्याने तेवढाही अवसर दिला नाही. साथ सर्वत्र असल्यामुळे मेलेली जनावरे ओढून नेणारी माणसे कोणाकडेच वेळेवर पोहोचत नव्हती. म्हणून बंडेप्पा व त्याचा मुलगा हावगेप्पा या उभयतांनीच दोर लावून ते धूड गावाबाहेर ओढीत नेले. बैलाचे शिंग धुळीत रेघ काढीत जात होते.

फाल्गुनात रानात माजलेल्या तणाच्या मुळ्या, म्हणजे काशा, काढण्यासाठी कुळव धरणे आवश्यक होते. बंडेप्पाने मागे कुळव दाबावयाचे लाकडी रुमणे धरले. जुवाच्या एका अंगास हावगेप्पा आणि दुसऱ्या अंगास त्याची पत्नी जगदेवी उभी राहिली. जगदेवी अंगाने लहानखुरी असल्याकारणाने जू तिच्या बाजूस कलत असे, आणि ते सावरण्यासाठी हावगेप्पास वाकून चालावे लागे. काळ्या मातीची ढेकळे त्यांच्या तळव्यांना चावत होती.

बांधावरून जाणारा शेजारी हरिबा क्षणभर थांबला.

"बंडेप्पा, डावा बैल नवा दिसायलाय की."

"व्हय," बंडेप्पा म्हणाला. "चारा कमी खातंय."

जगदेवीने हे ऐकले. तिने मान वर केली नाही. मात्र त्या दिवशी संध्याकाळी तिने सासऱ्याच्या पानात भाकरी वाढली ती हाताने न ठेवता टाकली. बंडेप्पाने ती निमूटपणे खाल्ली. तो स्वभावाने दुष्ट नव्हता. ज्या गोष्टीला उपाय नाही तिच्यावर हसून मोकळे व्हावे, एवढेच त्याला ठाऊक होते.

युगादीच्या दिवशी आमच्या भागात नारळ फेकण्याची पैज लागते. वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत कमीत कमी फेकींत नारळ पोहोचवावयाचा, असा तो खेळ आहे. त्या युगादीस हावगेप्पाने जो नारळ फेकला तो देवळावरून जाऊन पलीकडे उकिरड्यात पडला. योगायोग असा की नौबादच्या जहागीरदारांचे कारभारी श्रीपतराव आपल्या टांग्यात बसून हे दृश्य पाहत होते. त्यांनी टांगा थांबविला.

"पोरगं कुणाचं?"

"माझंच हाय, रावसाब," बंडेप्पा पुढे होऊन म्हणाला.

"सरकारांना एक गडी पाहिजे."

बंडेप्पाचे तोंड उजळले. बैलावाचून रान पडले होते आणि घरात काम करणारे हात मोकळे होते. "औताला का मोटंला?"

"खेळायला."

सभोवार जमलेली माणसे हसली. बंडेप्पा हसला नाही.

"खेळायला ठिवा न्हाईतर शेण काढायला ठिवा. गडी मनलं की घोंगडी पाहिजे, वहाणांचा जोड पाहिजे. युगादी ते युगादी साल. आमच्याकडं तसंच चालतंय."

"अरे, तसला गडी नव्हे. चेंडूफळीच्या खेळात अकरा जण असतात. त्यांना गडी म्हणायचं. आमचे सरकार स्वतः गडी आहेत."

"सरकार कुनाचे गडी?" बंडेप्पाने सरळ मनाने विचारले.

 श्रीपतराव हसले आणि म्हणाले, "बरं, देतो घोंगडी." आठ दिवसांच्या आत जहागिरीतून काळी करकरीत घोंगडी आणि वहाणा आल्या. बंडेप्पाने पारावर चार माणसांच्या देखत ती घोंगडी मुलाच्या खांद्यावर टाकली.

"आता तू सरकारचा," तो म्हणाला. "साल मोडून येऊ नगंस. आपल्या घरात कुनी साल मोडलं न्हाई."

*

नौबादची माती तांबडी. हिप्परग्याच्या काळ्या रानात वाढलेल्या हावगेप्पास ती प्रथमदर्शनी भाजून काढल्यासारखी वाटली. सरकारांच्या बंगल्यामागे तांबड्या मुरमाचे सपाट मैदान होते आणि त्याच्या मध्यावर काथ्याची चटई ताणून खिळे ठोकलेले असत. बंगल्याच्या पायऱ्यांवरून सरकार व त्यांचे स्नेही मैदानात उतरत. नोकरमाणसांनी मागील बाजूस जनावरांसाठी ठेवलेल्या वाटेने आत यावे, असा नियम होता.

हावगेप्पास फेकणे येत होते. परंतु या खेळात चेंडू फेकावयाचा नसतो, तो हात न वाकविता टाकावयाचा असतो. त्याचा कोपर वाकत असे. त्यावर श्रीपतरावांनी उपाय योजिला. हाड मोडल्यावर बांधतात त्याप्रमाणे बांबूच्या खपच्या त्याच्या कोपराच्या दोन्ही अंगांस दोरीने आवळून बांधल्या आणि सबंध उन्हाळा त्या तशाच ठेवविल्या. त्या हाताने त्याला घास घेता येईना. तो डाव्या हाताने जेवत असे आणि आचारी त्याला हसत असे. खपच्यांखालची कातडी पांढरी पडून सोलली. पावसाळ्याच्या सुमारास खपच्या सोडल्या तेव्हा त्याचा हात काठीसारखा सरळ फिरू लागला, आणि चटईवर आपटलेला चेंडू समोरच्याच्या छातीपर्यंत उसळू लागला.

सरकारांस चेंडू टाकण्याच्या पहिल्याच दिवशी त्याने त्यांची मधली दांडी उडविली.

"अच्छा है," सरकार म्हणाले, आणि बॅट गड्याकडे देऊन पायऱ्या चढून गेले.

त्या दिवशी हावगेप्पास विहिरीवरून घागरीने पाणी वाहून सबंध मैदान भिजवावे लागले. का, ते कोणी सांगितले नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याने सरकारांच्या दांडीच्या रोखाने चेंडू टाकला नाही. इतरांना मात्र तो टाकीत असे.

अशा रीतीने वर्षे गेली. दर युगादीस बंडेप्पा कडक भाकरी व शेंगांची चटणी फडक्यात बांधून हिप्परग्याहून पायी नौबादेस येई, नवी घोंगडी मुलाच्या खांद्यावर टाकी आणि जुनी घेऊन परत जाई. घरी घोंगड्यांची चवड वाढत होती. बैल मात्र आले नाहीत. रान अर्धेलीने दुसऱ्यास लावले होते, आणि त्याच रानात बंडेप्पा व जगदेवी रोजाने खुरपावयास जात.

सिकंदराबादेस गोऱ्या पलटणीशी सामना झाला तेव्हा हावगेप्पाने त्यांचे जवळजवळ सगळे गडी एकट्याने बाद केले. सरकार प्रसन्न झाले. मेजवानीच्या वेळी त्यांनी त्याला कनातीच्या दारापाशी बोलाविले.

"बोल, क्या होना तेरेकू?"

"बैल, सरकार."

आतील मंडळी हसली. "एकच?" सरकारांनी विचारले.

"एकट्या बैलाचं काय करू? जोडी लागती."

"हौ. विलायत की टीम आरई. उनकू बाद कर. जोडी लेके जा, छुट्टी भी ले."

हावगेप्पाने वाकून पायांस हात लावला. त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात विलायतेचा संघ असा नव्हताच. बैलांची जोडी होती आणि त्या जोडीमागे आपले रान होते. तो पहाटे उठून बंगल्याला फेऱ्या मारू लागला. आचारी म्हणे, "हावग्या, बैल हुडकायलास का?" तो म्हणे, "व्हय, तुला कुठं दिसले का?"

*

हिवाळ्यात विलायतेचा संघ आला. हिंदुस्थानच्या अकरांत हावगेप्पास घेतले गेले, ही बातमी श्रीपतरावांनीच हिप्परग्यास येऊन सांगितली.

"बंडेप्पा, तुझा पोरगा हिंदुस्थानचा गडी झाला."

बंडेप्पा खुरपे खाली ठेवून उभा राहिला. "सरकारचं साल सरायच्या आदी? एका सालात दोन धनी कसे चालतील, रावसाब?"

"अरे, हिंदुस्थान म्हणजे कोणी धनी नव्हे."

"मग गडी कुनाचा मनायचा?"

श्रीपतराव थकून म्हणाले, "सरकारांनी उसना दिला, असं समज."

"मग हरकत न्हाई. बैलबी उसना देतातच की."

मद्रासेस सामना झाला. विलायतेच्या गोऱ्या कर्णधाराच्या जिभेवर हावगेप्पा हे नाव बसेना, म्हणून तो त्यास 'हॅपी' म्हणू लागला. या शब्दाचा अर्थ आनंदी असा होतो, असे कोणी सांगितल्यावर हावगेप्पाने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. दुसऱ्या दिवशी त्याने विलायतेचे पाच गडी बाद केले. पाचवा बाद झाला तेव्हा हजारो लोक ओरडत उठले. हावगेप्पा तेवढा चटईशेजारी बसून वहाणेत गेलेला खडा काढीत होता. बुटांनी त्याला फोड येत, म्हणून तो वहाणाच घालीत असे.

फाल्गुनाच्या अखेरीस उद्धवराव नावाचे मुंबईचे एक गृहस्थ नौबादेस आले. खेळाच्या मंडळात त्यांचे वजन होते. उन्हाळ्यात हिंदुस्थानचा संघ बोटीने विलायतेस जाणार होता आणि त्यात हावगेप्पाचे नाव होते. सरकारांचे नाव असेल असे सर्वांस वाटत होते, ते नव्हते.

त्याच वेळी बंडेप्पा व जगदेवी बंगल्याच्या आवारात चिंचेखाली येऊन उतरली होती. युगादी चार-आठ दिवसांवर होती. विलायतेचा संघ बाद झाला होता, तेव्हा बोलल्याप्रमाणे बैल घेऊन मुलासह परत जावयाचे, एवढ्याचसाठी ती आली होती.

"मुंबईस सराव सुरू झाला आहे," उद्धवराव व्हरांड्यात बसून सरकारांस म्हणाले. "आजच्या गाडीने नेतो याला. आमचा मालिशवाला आहे, डॉक्टर आहे. बोटीवर चढेपर्यंत याच्या हाताला विश्रांती देणार."

सरकार पान लावीत होते. "ले जाव. मैं कौन बोलनेवाला? उसके बाप को पूछो."

बंडेप्पाला पायरीशी बोलाविण्यात आले. उद्धवरावांनी त्यास सर्व समजावून सांगितले. बंडेप्पाने मुंडासे काढून हातात घेतले.

"साहेब, त्याचं साल सरलं न्हाई. युगादीपर्यंत त्यो सरकारचा हाय. साल मोडून न्यायचं न्हाई."

"अरे बाबा, हे साल वगैरे काय? तो खेळाडू आहे."

"घोंगडी मी घेतलाव. माझ्या हातानं."

मागे उभी असलेली जगदेवी पदर दातांत धरून हळूच म्हणाली, "मामा, नेतो मनायलेत तर जाऊ द्या की. चार दिसांनी काय व्हतंय?"

"तू गप बस. चार दिसांचंच मनून मोडायचं? मग सबंद साल कामून केलं?"

हावगेप्पा तिथेच होता. तो बापाकडे पाहत राहिला. त्याची इच्छा काय होती, हे त्याला कोणीही विचारले नाही, आणि बाप बोलत असता मध्ये बोलण्याची रीत त्याच्या घरी नव्हती.

सरकारांनी पान तोंडात घातले. "बुड्ढा सच्ची बोलरा. नमकहलाल है. साल पूरा करके जाना."

उद्धवराव त्याच सायंकाळी एकटे परत गेले.

*

दुसऱ्या दिवसापासून सरकारांनी स्नेहीमंडळीस बोलाविले. विलायतेस जाणाऱ्या गड्याचा चांगला सराव व्हावा, असे कारण त्यांनी सांगितले. एकामागून एक मंडळी बॅट घेऊन उभी राहत, दमली म्हणजे कनातीत जाऊन सरबत घेत, आणि त्यांच्या जागी दुसरी येत. टाकणारा एकच होता. चैत्राच्या तोंडाचे ऊन तांबड्या मुरमावरून परत उठत होते. सायंकाळी हावगेप्पा चिंचेखाली येऊन बसे तेव्हा त्याचा खांदा हाताला भाजत असे. जगदेवी विटेचा तुकडा तापवून, फडक्यात गुंडाळून त्यास शेकीत असे.

"दुकतंय मनून सांगा की त्यास्नी," ती म्हणे.

"कुनाला सांगू?"

"मग पडा की. पायात गोळा आला मना."

"अप्पा बगायलाय."

बंडेप्पा खरोखरच पाहत असे. दिवसभर तो मैदानाच्या कडेला उकिडवा बसून मुलाचे काम पाही. आपला मुलगा इतका वेळ न बसता राबतो, याचे त्याला भूषण वाटत होते. शेजारी बसलेल्या, घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराला तो सांगे, "बग, सावलीला गेला न्हाई अजून."

युगादीच्या आदल्या दिवशी दुपार कलल्यावर हावगेप्पा पाणी पिण्याच्या निमित्ताने बापाजवळ आला. त्याने तांब्या डाव्या हाताने उचलला.

"अप्पा, हात वर जाईना झालाय."

बंडेप्पाने आकाशाकडे पाहिले. सूर्य अजून बंगल्याच्या कौलांवर होता.

"दिवस मावळेस्तोर कर. धनी उभा हाय तवर गड्यानं बसू ने. उद्या आपन मोकळे, बैल घेऊन जाऊ. उगं कुनी बोट दाकवाया नगं."

"काईतरी तुटंल, अप्पा."

"कामानं कुनी तुटत न्हाई. जा."

हावगेप्पा परत गेला. आता सरकार स्वतः बॅट घेऊन उभे होते. त्यांनी चटईवर बॅट आपटली.

"इत्ते साल मेरेकू झूटी बाल डालरा तू. मालूम है मेरेकू. आज सच्ची डाल. दांडी उडा."

हावगेप्पाने चेंडू धोतरावर पुसला. तो नेहमीपेक्षा लांब गेला आणि तेथून धावत आला. जो चेंडू त्याने टाकला तो, पाहणारे सांगतात, कोणाला दिसलाच नाही. सरकारांची मधली दांडी मागे जाऊन पडलेली मात्र दिसली. त्याच क्षणी वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. तो दांडीचा असावा असे कनातीतील मंडळीस वाटले. हावगेप्पा उजवा हात पोटाशी धरून वाकला होता.

सरकारांनी दांडी पुन्हा उभी करावयास लावली.

"एक और," ते म्हणाले.

हावगेप्पाने बापाकडे पाहिले. बंडेप्पाने पुन्हा कौलांकडे पाहिले आणि मान हलविली. दिवस मावळला नव्हता.

तो धावत आला. हात कमरेच्या वर गेला नाही. चेंडू सुटून त्याच्याच पायावर पडला आणि चटईकडेने घरंगळत जाऊन थांबला. कनातीत मोठा हशा झाला. जगदेवी चिंचेखालून उठली, चार पावले पुढे आली आणि जनावरांच्या वाटेपाशी थांबली. त्यापुढे बायकांनी यावयाचे नव्हते.

सूर्य मावळेपर्यंत सरकार दांडीसमोर उभे राहिले. तोपर्यंत हावगेप्पा डाव्या हाताने चेंडू घरंगळवीत राहिला.

*

युगादीच्या सकाळी सरकारांनी आपला शब्द पाळला. चटईखालची जमीन दाबण्यासाठी मैदानावरचा लोखंडी रूळ ओढणारी पांढरी जोडी त्यांनी दाव्यासकट बंडेप्पाच्या हाती दिली. बैल रुबाबदार होते. त्यांच्या अंगावर गोचीड नव्हता. बंडेप्पाने त्यांचे दात पाहिले, खूर उचलून पाहिले आणि घोंगडी घडी करून पायरीवर ठेवली.

"साल पुरं झालं, सरकार."

"हौ. छुट्टी."

हावगेप्पास श्रीपतरावांनी मुंबईच्या गाडीत बसविले. मुंबईस उद्धवरावांनी त्याला मैदानात नेले आणि नवा चेंडू पुढे केला. हावगेप्पाने तो डाव्या हाताने घेतला. उद्धवरावांनी त्याच्या उजव्या हाताकडे पाहिले, सदरा बाजूला सारून खांद्याकडे पाहिले, आणि तो चेंडू परत मागून घेतला. डॉक्टर म्हणाला की आत जे तुटले आहे ते जुळण्यासारखे नाही. बोट सुटली त्या दिवशी हावगेप्पा गाणगापूरच्या स्टेशनावर उतरून हिप्परग्याच्या रस्त्याने चालत होता.

अर्धेलीची मुदत संपली होती. रान परत हाती आले होते. वैशाखात बंडेप्पाने कुळव बाहेर काढला. हावगेप्पाचा उजवा हात जगदेवीने फडक्याने गळ्यात बांधला होता. त्याला जू उचलता येईना, म्हणून ते तिने उचलले आणि बैलांच्या मानेवर ठेवले. बैलांच्या गळ्याखालून जुवाच्या सापत्या अडकविताना तिने त्याच्याकडे पाहिले नाही. हावगेप्पाने डाव्या हाताने रुमणे धरले. बंडेप्पा बांधावर बसला.

हरिबा रस्त्याने जात होता. "बैल झकास हाईत की, बंडेप्पा."

"सरकारच्या दावनीचे हाईत. साल पुरं करून आनलाव. एक दिस मोडला न्हाई."

"आन पोराचा हात कामून बांदलाय?"

"दमलाय. बसंल जाग्यावर."

बैल निघाले. पाऊल सारखे होते, मान ताठ होती. कुळवाची लोखंडी फास काळ्या मातीत गेली आणि काशा उपटून वर येऊ लागल्या. बंडेप्पा समाधानाने चंची उघडू लागला. थोडे अंतर गेल्यावर दोन्ही बैल आपोआप थांबले, वळले, आणि आल्या वाटेने परत निघाले. कुळव आडवा होऊन रुमण्याचा हिसका हावगेप्पाच्या बरगडीत बसला.

"हाक की नीट," बंडेप्पा बांधावरून म्हणाला.

हावगेप्पाने त्यांना फिरवून पुन्हा सरळ लावले. बैल पुन्हा तितकेच चालले व पुन्हा वळले. जगदेवीने पुढे होऊन वेसण धरली आणि ओढून पाहिले; बैलांनी तिला सहज बाजूला सारले. सबंध आयुष्य ते एका चटईच्या लांबीत चालले होते, आणि त्या लांबीपलीकडे जमीन असते हे त्यांना कोणी शिकविले नव्हते.

"मुद्दाम करायलेत का काय?" ती धापा टाकीत म्हणाली.

"न्हाई," हावगेप्पा म्हणाला. त्याने पुन्हा रुमणे धरले. समोर सबंध रान पडले होते. तो बैलांमागून चालू लागला. चालताना त्याचे लक्ष बैलांकडे नव्हते, आपल्या पायांकडे होते; तो पावले मोजीत होता.

"आता वळत्याल," तो म्हणाला, आणि बैल वळले.